पिवळ्या कडीचा कोंबडा

मी पिवळ्या कडीचा कोंबडा बोलतोय. पिवळी कडी खरं तर कोंबडीच्या पायात घालतात. माझ्या पायात ती चुकून आली आणि त्या चुकीमुळेच मी आज जिवंत आहे. पण एकटा आहे.

माझं अंडं स्वीडनमधल्या ऑलंड बेटावरचं. गुनबोर्गआजी तिथे आमची ठिपकेदार जुनी जात जपते. त्या वर्षी तिनं काही अंडी एका संशोधन केंद्राला दिली. तिथल्या राग्नहिल्डला शोधायचं होतं, की जात वेगळी असली किंवा नराऐवजी मादी असली, तर कोंबड्यांच्या पोटात काय काय बदलतं. त्यासाठी दहा आठवड्यांनी आमची पोटं उघडावी लागणार होती. आम्हा पिलांना हे कुठलं ठाऊक!

पिलं निवडायला सिक्स्टन होता. या कामात त्याची तीस वर्षं गेलेली. नराला निळी कडी, मादीला पिवळी. तुलनेसाठी आणलेल्या, मांसासाठी झटपट वाढणाऱ्या कंपनीच्या पांढऱ्या पिलांचं सोपं असतं. पंख उलगडायचा, पिसं लांब दिसली की मादी. आमच्या जुन्या जातीत ही खूण चालत नाही. शेपटीखाली नीट बघावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. पण नऊ वाजत आले होते, आणि तिथे नऊची कॉफी आणि तिच्याबरोबरचे गोड बन कुणी चुकवत नाही.

"सिक्स्टन, बन संपतील हं!" राग्नहिल्डनं आतून हाक मारली.

"झालंच!" म्हणत त्यानं माझा पंख उलगडला आणि पिवळी कडी घातली.

खाणं सगळ्यांना एकच होतं. शेजारची पांढरी पिलं खात आणि तिथेच बसून राहत. पाचव्या आठवड्यात त्यांना स्वतःचं अंग पेलवेना. आम्ही मात्र भुसा उकरायचो, खडे शोधून गिळायचो. आम्हाला दात नाहीत. आमच्या पोटात एक जातं असतं, त्यात हे खडे दाणा दळतात. दाणा सापडला की मी आधी 'टुक टुक' करून नऊ बहिणींना बोलवायचो. त्या खायच्या, मग उरलं तर मी. हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

"हिचा तुरा बघ केवढा वाढलाय," एकदा राग्नहिल्ड म्हणाली.

"बेटावरच्या बायका आहेत त्या! तोऱ्यातच राहणार," सिक्स्टन हसला.

सत्तराव्या दिवशी सकाळी मोठे पिंजरे आले. मी मान ताणली आणि आरवलो. फाटकंतुटकं, पण आरवलो.

सगळे थांबले.

"सिक्स्टन," राग्नहिल्ड हळूच म्हणाली, "तुझी कोंबडी आरवतेय."

त्याचे कान लाल झाले. "पंख बघितला होता गं मी."

"या जातीचा पंख बघून काय कळणार? आता माद्या नऊच राहिल्या. नर दहा हवेत, ते पुरे आहेत. हा जास्तीचा. यालाही संपवावं लागेल."

"चूक माझी. त्याला का शिक्षा? मी नेतो घरी."

त्या दिवशी एकोणचाळीस जण गेले. वीस पांढरे आणि माझे एकोणीस. मी दाराशी खोक्यात होतो. कॉफीच्या वेळी राग्नहिल्ड सांगत होती, "बेटावरच्यांचं जातं अंगाच्या मानानं मोठं आहे बघ. आणि नरांचं आतडं माद्यांपेक्षा लांब." सिक्स्टननं त्या दिवशी बन खाल्ला नाही.

त्यानं गुनबोर्गआजीला फोन लावला. "तुझा एक कोंबडा उरलाय. परत घेतेस का?"

"नाही रे बाबा," आजी म्हणाली. "परक्या पाखरांत राहिलेलं पाखरू कळपात घेत नाही आम्ही. एखादा रोग आला, तर जातच संपेल. जीव तुटतो, पण नाही."

म्हणून मी आता सिक्स्टनच्या परसात राहतो. तोही एकटाच आहे. इथे माती आहे, खडे आहेत, सफरचंदाचं झाड आहे. माझं जातं छान चालतं. फक्त दाणा सापडला की मी 'टुक टुक' करतो, आणि कुणी येत नाही.

काल सिक्स्टन जवळ येऊन वाकला. "मला बोलावतोस होय रे?" मी ओटचा दाणा चोचीनं पुढे सरकवला आणि मागे झालो. त्यानं तो उचलला, पुसला, तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिला.

"कडक आहे रे," तो म्हणाला. "माझ्याकडे जातं नाही."

तुमच्याकडे एखादी म्हातारी, अंडी न देणारी कोंबडी असेल, तर इकडे पाठवा. जात कुठलीही चालेल. पहिला दाणा तिचा.