आईच्या आवाजाची फाईल

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसत नाही आणि वाळवी मला खात नाही. मला हातात धरताही येत नाही. मी कॉम्प्युटरमधली एक जुनी फाईल आहे आणि माझ्या पोटात एका आईचा आवाज आहे.

ही आई बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायची. तिचा आवाज घुमला की रडणारी पोरंसुद्धा क्षणभर गप्प होतात, असं तिथले लोक म्हणत. पुढे तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, जीव वाचेल, पण आवाज जाईल. तिची मुलगी तेव्हा जेमतेम बोलायला लागली होती.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मुलीचा मामा नवाकोरा रेकॉर्डर घेऊन आला. त्याने स्वयंपाकघराच्या खिडक्या लावल्या, फ्रिज बंद केला आणि आई टेबलाशी बसून बोलू लागली. तिने एक गोष्ट सांगितली, अंगाई म्हटली. मुलगी मोठी झाल्यावर तिला ओरडायला कोणीतरी हवं, म्हणून लटक्या रागाने ओरडलीसुद्धा. "केस विंचरलेस का? आणि हे सांडलेलं दूध कोण पुसणार, मी?" मग तिचं तिलाच हसू फुटलं. त्या दुपारी माझा जन्म झाला.

मला कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवायचं, यावरून तिथेच वाद झाला. मुलीची मावशीही तिथे होती; ती एका संग्रहालयात जुनी ध्वनिमुद्रणं सांभाळायची. ती मामाला म्हणाली, "साध्या, खुल्या फॉरमॅटमध्ये ठेव. त्याची रचना साऱ्या जगाला ठाऊक आहे. हा तुझा फॉरमॅट फक्त त्या रेकॉर्डरवाल्या कंपनीच्याच प्रोग्रॅमला कळतो. उद्या कंपनीने गाशा गुंडाळला तर?"

"काहीतरी अभद्र बोलू नकोस," मामा म्हणाला. "एवढी मोठी कंपनी कुठे पळून चाललीये? आवाज बघ कसा स्वच्छ आलाय. जागाही निम्मीच लागते."

"मग निदान दोन्हींत तरी ठेव."

"करू गं नंतर."

आई दोघांकडे बघत होती. तिचे बोलण्याचे शेवटचे तास आपण भांडणात घालवतोय, हे ध्यानात आल्यावर दोघंही वरमली. विषय तिथेच राहिला.

माझे सुरुवातीचे दिवस सुखाचे होते. मुलगी जेवताना नाटकं करू लागली की बाबा मला लावत. ओरडण्याचा भाग आला की ती खुदकन हसे आणि घास गिळे. आई मात्र तेवढ्यात काहीतरी निमित्त काढून दुसऱ्या खोलीत जाई.

बाबांनी मला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. नवा कॉम्प्युटर आला की आधी मला त्यात उतरवायचे. एक प्रत कपाटातल्या डिस्कवर, एक मामाकडे. पण मुलगी शिकायला दूर गेली आणि मला ऐकणं मागे पडलं. बाबा पडद्यावर माझं नाव पाहत, 'आहे' म्हणत आणि निश्चिंत होत. उघडून कोणीच पाहिलं नाही. दरम्यान कंपनी बुडाली. घरात कोणाला त्याचा पत्ताही नव्हता.

मुलीला स्वतःचं बाळ झालं तेव्हा ती माहेरी आली. "बाबा, आईची अंगाई लावा ना. ह्याला ऐकवू."

बाबा लगबगीने उठले. पण पडद्यावर एकच ओळ उमटली: ही फाईल उघडता येत नाही.

मावशी आता निवृत्त झाली होती. तिने खटपट करून जुना कॉम्प्युटर मिळवला, जुना प्रोग्रॅम मिळवला. प्रोग्रॅम सुरू झाला आणि मला उघडण्यासाठी इंटरनेटवरून कंपनीकडे परवानगी मागू लागला. परवानगी द्यायला तिकडे कोणी उरलंच नव्हतं. तिने आपल्या ओळखीच्या जाणकारांनाही गाठलं. त्यांनीही हात टेकले. शेवटी तिने मुलीला जवळ बसवलं. "फाईल धडधाकट आहे गं. एवढासुद्धा ओरखडा नाही. पण तिची भाषा वाचणारं कोणी राहिलं नाही."

मामा खाली मान घालून बसला होता. त्याला कोणी काही बोललं नाही आणि तेच त्याला जड गेलं.

"कसा होता हो तिचा आवाज?" मुलीने बाबांना विचारलं. "मला आता नीट आठवत नाही."

"अगं, कसा म्हणजे... भरदार..." बाबा थांबले. त्यांनी डोळे मिटून पाहिलं. "आता माझ्याही कानात येत नाही गं."

समोर बसलेल्या आईने नातवाला मांडीवर घेतलं आणि नुसते ओठ हलवत अंगाई म्हटली. बाळ तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिलं. मग ते रडायला लागलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणाचा आवाज, कोणाचं छायाचित्र असं ठेवलेलं असेल. त्याच्या प्रती जरूर काढा, पण जिवाभावाचं काही एकाच कंपनीच्या कुलपात ठेवू नका. अनेक प्रोग्रॅमना वाचता येईल असा साधा, खुला फॉरमॅट निवडा. अधूनमधून उघडून ऐका, आणि जुना फॉरमॅट मावळतीला लागलाय असं दिसलं, तर वेळीच नव्यात उतरवून घ्या.

माझी वेळ निघून गेली. मी उघडणार नाही, हे बाबांनाही कळून चुकलं आहे. तरी परवा घरात नवा कॉम्प्युटर आला, तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी मलाच त्यात उतरवलं.