दातांवर दात

मी चिंगीचा चमचा बोलतोय. साहेबाच्या पुढेपुढे करणारा नव्हे हं, घास भरवणारा खराखुरा! माझी दांडी नारिंगी आहे आणि तोंड मऊ, बाळाच्या हिरड्यांना न लागणारं. साच्यातून निघालो तेव्हा माझ्यासारखे ढीगभर होते. दुकानात खुळखुळ्यांच्या शेजारी लटकत होतो, तिथून चिंगीच्या आत्यानं मला उचललं. "वहिनी, पहिला घास यानंच भरव गं," म्हणाली आणि मला चिंगीच्या आईच्या हातात दिलं.

आई घरीच पडदे शिवायची. चिंगी झोपली की मशीन सुरू, चिंगी उठली की मी सुरू. सुरुवातीला काय मजा होती! आई माझी मोटार करायची, विमान करायची. चिंगीच्या पोटात निम्मं जायचं आणि निम्मं आईच्या साडीवर.

मग एका दुपारी बटाट्याचा घास चिंगीच्या घशात अडकला. पोरगी लालभडक झाली. आजीनं धावत येऊन तिला हातावर पालथी धरली आणि पाठीवर थापट्या मारल्या. घास बाहेर पडला. थोड्या वेळानं चिंगी खेळायलाही लागली. आई मात्र तिथेच राहिली, त्या घासाशी.

दोघींच्या तोंडांच्या मधे माझी जागा, त्यामुळे माझ्याइतक्या जवळून आईचा चेहरा कोणी बघितला नसेल. मला उचललं की तिच्या भुवया जवळ यायच्या, ओठ मिटायचे आणि कानाखाली गालात सुपारी धरल्यासारखी गाठ उठायची. पुढे पुढे तर नुसतं भरवतानाच नाही, शिवताना, भांडी घासताना, जिना उतरतानासुद्धा दातांवर दात. "रात्री झोपेत करकर दात खातेस," असं चिंगीचे बाबा सांगायचे, तर तिला पटायचं नाही. सकाळी कानशिलं ठणकायची, जांभई दिली की कानापाशी कट् वाजायचं. लांबट चेहरा चौकोनी दिसायला लागला. शेजारीण म्हणाली, "काय गं, कोणाशी भांडून आलीस?"

आणि चिंगीनं तोंड मिटलं. मी ओठांपाशी गेलो की मान फिरवायची. तिचे दंड बारीक झाले, अंगातलं झबलं सैल पडलं. आईला दुसरं काही सुचेना.

गंमत म्हणजे आजीकडून ती खायची. आजी स्वतःच मोठा आ करायची, चिंगीही करायची.

"माझ्याच हातचं का नको हिला?" आई रडवेली व्हायची.

"अगं, माझ्या तोंडात दात नाहीत, हसू येतं तिला," आजी म्हणायची. खरं कारण तिलाही ठाऊक नव्हतं. मला दिसत होतं, पण चमच्याला विचारतो कोण?

एक दिवस गालातली गाठ आईच्या हाताला लागली आणि तिचं धाबं दणाणलं. "काहीतरी वाईट असणार. माझ्यामागे पोरीचं कसं होणार?" बाबांनी तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. चिंगीची खाण्याची वेळ होती, म्हणून डब्याबरोबर मीही गेलो.

डॉक्टरीणबाईंनी गाल चाचपले, दात तपासले. "गाठबीठ काही नाही. हा चावायचा स्नायू आहे. सारखं ओझं उचललं की दंड भरतो, तसा भरलाय. आता या घटकेला तुमचे दात कुठे आहेत?"

आई ओशाळली. "दातांवर दात."

"दातांनी चावताना, गिळताना भेटावं. एरवी ओठ मिटलेले, पण दात सुटे. बरं, आता सावकाश आ करा. अजून मोठा."

आईनं आ केला. कट् वाजलं. खुर्चीशेजारी बाबांच्या कडेवर चिंगी होती. ती आईच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली आणि तिनंही भला मोठा आ केला. बाबांनी घाईघाईनं मला डब्यात बुडवलं आणि घास तिच्या तोंडात सोडला. गिळला! पुन्हा आईकडे बघून आ.

आई काहीतरी बोलायला गेली, तशा डॉक्टरीणबाई ओरडल्या, "अहो, मिटू नका! पोरगी जेवतेय!"

आडवी पडलेली आई, तोंड उघडं, डोळ्यांतलं पाणी कानात चाललेलं. डबा रिकामा झाला.

घरी येताना ती म्हणाली, "मी तोंड आवळायचे, म्हणून ती आवळायची हो."

"मग तिचं काय चुकलं? आईवर गेलीय," बाबा म्हणाले. कितीतरी दिवसांनी आई खळखळून हसली.

काळजी काही पळून गेली नाही. पण आई गालांना गरम फडक्याचा शेक देऊ लागली. मला उचलण्याआधी दात सोडायची आणि मग आ करायची. चेहरा निवायला महिने लागले, तरी निवला.

आता माझा रंग उडालाय, कडेला चिंगीच्या पहिल्या दातांचे ओरखडे आहेत. ती हातानं जेवते, माझं काम संपत आलंय. माझी तक्रार नाही. एवढंच सांगतो, लेकराला भरवणाऱ्यांनो, समोरचं तोंड उघडत नसेल तर आपलं कसं आहे ते एकदा हात लावून बघा.

अजूनही कधी आई मशीनवर बसल्या बसल्या दात आवळते. मग चिंगी मला रिकामाच घेऊन तिच्या ओठांवर टेकवते आणि हुकूम सोडते, "आई, आ!"

पोट भरलेलं असलं तरी आई तोंड उघडते.