कमी जोराची रॅकेट

केस पिकले तरी नातलगांत तिला धाकटीच म्हणत. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायचे आणि संध्याकाळी टेनिस खेळायचं, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. जाळीपलीकडे असायची ताई, तिची थोरली बहीण. ताई लेकीच्या बाळंतपणाला परदेशी गेली. "ही गेले नि ही आले," म्हणाली आणि तिकडचीच होऊन बसली. तेव्हापासून धाकटी क्लबच्या मागच्या भिंतीशी खेळायची. भिंत चुकत नाही, दमत नाही, भांडतही नाही. म्हणूनच खेळात राम उरला नव्हता.

एका संध्याकाळी भिंतीवर फटका मारताना रॅकेटमधून कट्ट आवाज आला. मुठीच्या वर, दांडा जिथे दुभंगतो तिथे तडा गेला होता. तिनं तो अंगठ्यानं चाचपला आणि तशीच घरी आली.

खेळाच्या सामानाच्या दुकानात मालकानं तिला एकदा न्याहाळलं आणि भल्यामोठ्या तोंडाची रॅकेट पुढे केली.

"ही घ्या बाई. पिसासारखी हलकी. नुसता हात लावला की चेंडू पलीकडे!"

"तेच तर नकोय. जोर माझा मी लावते. चेंडू पाठवीन तिथंच जायला हवा."

"कमी जोराची? या वयात? नाकापेक्षा मोती जड व्हायचा."

"नाक माझं आहे ना?"

मालक हसला. त्यानं तीन रॅकेटी वापरून बघायला दिल्या. "पण भिंतीवर नको हं. समोर माणूस असल्याशिवाय रॅकेट कळत नाही."

रॅकेटी तीन झाल्या, माणूस कुठून आणायचा? शेजारच्या बाईंची कंबर धरलेली. जुनी मैत्रीण फोनवर "भेटू या गं एकदा" म्हणाली, आणि तो एकदा कधीचा, ते दोघींनाही ठाऊक होतं. शेवटी धाकटीनं क्लबच्या प्रशिक्षकालाच तासाभरासाठी ठरवलं.

पहिल्या रॅकेटनं चेंडू उधळलेल्या वासरासारखे कुंपणाकडे पळाले. दुसरीनं जरा बरे वागले. तिसरी बारीक फ्रेमची, मुठीकडे जड. तिनं सुरुवातीचे सगळे चेंडू जाळीत घातले. मग धाकटीनं पूर्वीसारखा हात पार मागे नेला, खांदा वळवला आणि अंगातलं होतं नव्हतं तेवढं लावलं. चेंडू मागच्या रेघेच्या बोटभर अलीकडे पडला.

"आत!" ती ओरडली.

ताई असती तर "बाहेर होता, डोळे तपासून घे!" म्हणत तरातरा जाळीशी आली असती. प्रशिक्षक "हं" म्हणाला आणि त्यानं टोपलीतला पुढचा चेंडू उचलला.

घरी येताच तिनं ताईला फोन लावला.

"ताई, मिळाली बाई मनासारखी रॅकेट."

"नवी कशाला? माझी पडलीय ना तुझ्या कपाटात? जोडीनंच तर घेतल्या होत्या."

"ती तुझी आहे."

"माझी कसली आता! वापर की."

"आणि तू आलीस म्हणजे?"

पलीकडे नातू रडत होता. ताई त्याला थोपटत असावी. मग म्हणाली, "धाकटे, माझे गुडघे केव्हाच संपावर गेलेत. मी आता खेळायची नाही गं. तुला सांगायचं राहूनच गेलं."

"राहतं असं," धाकटी म्हणाली आणि नातवाला दात आले का, ते विचारू लागली.

फोन ठेवल्यावर तिनं कपाट उघडलं. ताईची रॅकेट खोळीतून काढली, हातात तोलून पाहिली. वजन तेच, तोल तोच. वापरली असती तर काही बिघडलं नसतं. पण तिनं ती पुसली, खोळीत घातली, चेन लावली. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन तिसरी रॅकेट विकत घेतली.

तिथून ती तडक क्लबवर गेली. प्रशिक्षक बाकावर बसून चहा पीत होता.

"दर बुधवारी एक तास द्याल मला?"

"देईन की. काय शिकायचंय, सर्व्हिस?"

"शिकायचं काही नाही," धाकटी म्हणाली. "तुम्ही फक्त समोर उभे राहा."

त्यानं कप खाली ठेवला आणि चेंडूंची टोपली ओढत कोर्टाकडे निघाला.