पण हसलीस कशाला?

“मीठ तूच टाकलंस असं मी म्हणत नाही. पण हसलीस कशाला?”

बायको युनिफॉर्मला इस्त्री करत होती. इस्त्री उभी करून तिने माझ्याकडे बघितलं. “अहो, कितीदा सांगू? ते हसू सकाळचं. कॅमेरावाला वायरीत पाय अडकून आपटला, तेव्हा सगळेच हसलो. आणि मीठ मी माझ्याच पातेल्यात टाकत होते.”

टीव्हीवर काय दिसलं ते सांगतो, तुम्हीच ठरवा. बायको नर्स. हाताला चव आहे म्हणून वॉर्डातल्या मुलींनी तिचं नाव स्वयंपाकाच्या स्पर्धेत दिलं आणि ती चक्क निवडली गेली. रविवारी आम्ही टीव्हीपुढे ठाण मांडून बसलो. पडद्यावर तिची प्रतिस्पर्धी, ती केकवाली बाई, फ्रिजकडे वळली. मग नुसता एक हात, सूपमध्ये मीठ टाकणारा. मग माझी बायको, तोंडावर हात ठेवून हसणारी. मग परीक्षक, केकवालीचं सूप थू थू करणारा. मागे ढॅण ढॅण संगीत.

“अगं बाई! स्पष्टच दिसलं की,” आमची आई म्हणाली. सुनेसमोर.

दिसलं खरं. मीही पाहिलं. लिफ्ट दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. लिफ्ट अडकली की लोक आधी मेकॅनिककडेच संशयाने बघतात, हे मला कुणी शिकवायला नको. त्या टीव्हीवाल्यांवर माझा काडीचा भरवसा नाही. पण ते हसू काही भाड्याने आणलेलं नव्हतं ना! तिचंच होतं.

शेजारच्या काकूंना बायकोने सूप पाठवलं, तर “पोट बरं नाही गं” म्हणून भांडं जसंच्या तसं परत. तासाभरात त्याच काकू जिन्यात उभ्या राहून आइस्क्रीम चाटत होत्या. मला बघून पदराआड लपवलं.

बुधवारी बायको दुपारीच घरी आली. चप्पलसुद्धा न काढता खुर्चीत बसली.

“सात नंबरच्या आजोबांनी माझ्या हातून गोळ्या घेतल्या नाहीत. रोज मीच देते हो त्यांना! म्हणाले, दुसऱ्या सिस्टरला बोलवा, तुम्ही काय मिसळाल नेम नाही. मेट्रन म्हणाली, लोक विसरेपर्यंत स्टोअरमध्ये बस. पेशंटला हात लावू नकोस.”

“विसरतील गं.”

“लोकांचं जाऊ द्या. घरच्यांनी तरी...” तिने उठून चहा ठेवला.

कप हातात आला आणि, देवाशपथ सांगतो, मी तो आधी हुंगला. का हुंगला ते माझं मलाच कळेना. ती ओट्याकडे तोंड करून उभी होती. तिने पाहिलं नसावं.

शनिवारी दुपारी तोच भाग पुन्हा लागला. या खेपेला मी पडद्याला नाक लावून बसलो. सूपच्या फेरीआधी कांदा चिरताना तिचं बोट कापलं होतं. ते त्यांनी दाखवलंच होतं, वर निळी पट्टी बांधली तेही. मीठ टाकणाऱ्या हाताला ती पट्टी होती. पण तोच हात तोंडावर ठेवून हसली, तेव्हा बोटांवर काहीच नव्हतं! म्हणजे हसू खरंच आधीचं. लबाडांनी सकाळचं हसू उचलून दुपारच्या मिठाला चिकटवलं होतं.

मी धावत आत गेलो. बायको इस्त्रीचे युनिफॉर्म कपाटात खालच्या कप्प्यात ठेवत होती. “पट्टी! अगं, हसताना तुझ्या बोटाला पट्टीच नाहीये! तू खरं बोलत होतीस!”

वाटलं, आता हिचा जीव भांड्यात पडेल. ती शांतपणे कपाट लावत म्हणाली, “बोट कापलं म्हणून बरं झालं. नसतं कापलं तर?”

 

ती स्वयंपाकघरात गेली. मीही मागोमाग गेलो. तिने चहा केला, दोन कप भरले. माझा कप उचलला, माझ्याकडे बघत त्यातला एक घोट घेतला आणि कप माझ्यापुढे ठेवला.

“घ्या आता. हुंगू नका.”