अडतिसावा रकाना

मी एक थकलेला संगणक आहे, मित्रांनो. प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यालयाच्या मागच्या खोलीत, फायलींच्या कपाटाला टेकून असतो. पंखा घरघरतो आणि सुरू व्हायला मला बराच वेळ लागतो.

तुम्ही शाळेत टॅबवर धडे सोडवता. तुम्हाला काय जमले, कुठे अडले, याची नोंद तिथे होते. शाळा बदलली की ती नोंद तुमच्यामागून यायला हवी. पण पूर्वी धड्यांचे प्रोग्रॅम बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीची नोंद लिहिण्याची तऱ्हा वेगळी, एकीचे दुसरीला कळत नसे. मग जाणत्या माणसांनी दोन वर्षे वाद घालून एक सामाईक नमुना ठरवला. तो कोण पाळतो, हे तपासून प्रमाणपत्र देण्यासाठी मला आणले.

माझ्यासमोर तपासनीस बाई बसत. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे, म्हणून सगळे त्यांना 'भिंग' म्हणत. एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नोंद पाठवायची आणि पलीकडे काय पोहोचले ते रकान्यागणिक जुळवायचे, हेच काम आम्ही अकरा वर्षे केले. सुरुवातीला पाहुणे कौतुकाने मला बघायला येत. पुढे माझ्यावरची धूळही कोणी पुसेना.

एकदा एका मोठ्या कंपनीचा प्रोग्रॅम तपासणीला आला. शाळा सुरू व्हायला आठवडाच उरला होता. सदतीस रकाने जुळले. अडतिसावा, 'विद्यार्थ्याला लागणारी मदत', पलीकडे रिकामाच उतरला. मी लाल रेघ दाखवली. त्याहून जास्त मला काही येत नाही.

"एकच तर रकाना आहे," आमच्या कार्यालयाचे साहेब म्हणाले. "करा प्रमाणपत्रावर सही. नंतर दुरुस्त करतील ते."

बाईंची त्या दिवसातली ती नववी तपासणी होती. त्यांनी डोळे चोळले आणि सही केली.

तीन महिन्यांनी एक वडील विचारत विचारत आमच्या खोलीपर्यंत आले. सोबत त्यांची दहा वर्षांची मुलगी होती. नव्या शाळेने तिला मागच्या बाकावर बसवून कच्च्या मुलांत टाकले होते.

"ती कच्ची नाही हो," ते म्हणाले. "तिला कमी ऐकू येतं. सूचना लिहून द्याव्या लागतात. जुन्या शाळेने तसं नोंदवलंही होतं."

बाईंनी माझ्यावर ती जुनी तपासणी उघडली. लाल रेघ तिथेच होती.

"मी हे पाहिलं होतं," त्या म्हणाल्या. "पाहून सही केली. चूक माझी आहे."

त्याच दुपारी त्यांनी प्रमाणपत्र रद्द केले आणि कारणाच्या जागी स्वतःची चूक लिहिली. साहेब महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नाहीत. कंपनीने दुरुस्ती केली, ती अवघ्या चार दिवसांत. मुलगी पुढच्या बाकावर आली, तिला लेखी सूचना मिळू लागल्या. पण तिचे तीन महिने गेले ते गेलेच.

आता बाई निवृत्त झाल्या आहेत आणि माझीही मोडीत जायची वेळ आली आहे. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणाच्या तरी कागदावर सही कराल. दमला असाल तर काम उद्यावर टाका, साहेब रागावले तरी चालेल. पण लाल रेघ दिसत असताना सही करू नका. त्या रेघेपलीकडे कोण बसले आहे, ते आपल्याला दिसत नसते.