दारावरचा आकडा

पिकअप शोधण्यात आमचे सहा शनिवार गेले आणि सहाही शनिवारी चकचकीत बंपर दिसला की कर्टिसने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, अक्कल गहाण टाकली. गाडी जुनीच घ्यायची होती आणि तिला फक्त सासऱ्यांचा ट्रेलर ओढायचा होता. पाच जणांची झोपायची सोय, एक शेगडी आणि छताला गळतीचा एक डाग, एवढाच तो ट्रेलर. सासूबाई गेल्यापासून तीन वर्षं तो कोठारामागे उभा होता. एप्रिलमध्ये जेवता जेवता सासरे, एलरॉय, अचानक म्हणाले, "यंदा तळ्यावर जाऊ या का आपण सगळे?" तीन वर्षांत त्यांनी आपणहून काही मागितलेलं ते पहिलंच. म्हणून ही सगळी उरस्फोड.

सहाव्या शनिवारी गाडी निघाली गडद लाल. चामड्याच्या सीट, काचेचं छप्पर. कर्टिस आत बसला तो उतरेचना.

"बारा हजार पौंड ओढेल, मॅडम," विक्रेता म्हणाला. "तुमचा ट्रेलर म्हणजे हिला खेळणं."

मी दार उघडून चौकटीवरचं लेबल वाचलं. किती ओढेल ते जाहिरातीत असतं. स्वतःच्या अंगावर किती घेईल ते इथे, बारीक अक्षरांत, आणि ते कुणी वाचत नाही. माणसं, सामान आणि ट्रेलरचा मागून येणारा भार, सगळं मिळून १,३४० पौंड. आमच्या ट्रेलरचा भारच साडेसातशे. चामडं, काच, बटणावर हलणाऱ्या सीट, सगळं त्या आकड्यातून आधीच वजा झालेलं.

"ती कोपऱ्यातली पांढरी बघ," मी म्हटलं. "तिच्या दारावर एकवीसशे लिहिलंय."

"ती रस्ते खात्याची होती, मार्लिस. खाली रबर आहे नुसतं. तिच्यात बसलो तर लोक मला खड्डे दाखवायला येतील."

"येऊ देत. या लाल गाडीत चार माणसं कशीबशी बसतात. पाचव्याचं वजन ही घेत नाही. पाचवा कोण, ते तूच सांग."

एवढं तोडून बोलल्यावर माझं लक्ष गेलं. आमच्यासोबत आलेले सासरे याच गाडीच्या पलीकडच्या बाजूला वाकून टायर बघत होते.

"कागदावर काय, काहीही होतं," कर्टिस म्हणाला. "काट्यावर घालून बघू."

विक्रेत्याने दुपारपुरती किल्ली दिली. आम्ही घरी जाऊन ट्रेलर जोडला, दोन्ही मुलांना मागे बसवलं आणि सगळे धान्याच्या गोदामावर गेलो. तिथल्या वजनकाट्यावर सासऱ्यांनी एकतीस वर्षं मक्याचे ट्रक आणले होते. फाटकाशीच ते म्हणाले, "मला इथेच सोडा, काटेवाल्याला भेटतो जरा." आणि काठी टेकत ऑफिसात गेले.

कर्टिसने गाडी काट्यावर घेतली, ट्रेलरची चाकं मागे जमिनीवरच ठेवली, म्हणजे त्याचा गाडीवर येणारा भार तेवढा मोजला जाईल. खांबावरचा भोंगा खरखरला आणि त्यातून चक्क सासऱ्यांचा आवाज आला, "सात हजार साठ."

गाडीचं स्वतःचं वजन धरून लेबलवरची मर्यादा होती सात हजार शंभर.

कर्टिसने स्टिअरिंगवर थाप मारली. "ऐकलंस? चाळीस पौंड शिल्लक. सहा आठवडे डोकं खाल्लंस माझं."

मला इतका संताप आला की काय सांगू. त्याच्यावर आला, त्याहून जास्त माझ्या गणितावर. कुणावर तरी काढायचा म्हणून मी मागे वळले, मुलांना पट्टे लावा म्हणायला. दोघं दोन खिडक्यांशी बसली होती. मधली जागा रिकामी होती.

"कर्टिस, बाबा कुठे आहेत?"

"आत. आत्ताच नाही का त्यांनी..." त्याची नजर आरशात मधल्या रिकाम्या जागेवर गेली.

त्याने काच खाली करून भोंग्याखालच्या माइकमध्ये हाक मारली. "बाबा, बाहेर या. गाडीत बसा, पुन्हा वजन करू."

 भोंग्यातून आवाज आला, "काही गरज नाही. व्यवस्थित बसतंय. घेऊन टाक ती गाडी. मला काय करायचंय तळ्यावर? मासे काही माझ्यावाचून उपाशी नाहीत."

याच काट्यावर या माणसाने एकतीस वर्षांत एकदाही खोटं वजन लिहू दिलं नव्हतं.

 कर्टिसने चामड्याच्या सीटवरून हात फिरवला, मग तो हात काढून घेतला.

"ती पांढरी अजून असेल का गं तिथे?" त्याने विचारलं.

"असेल. तिला कोण नेतंय."

मी उतरले आणि बाबांना आणायला ऑफिसकडे निघाले.