शेकलेला कीबोर्ड

आंधळगावात ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, त्याचा ट्रॅक्टर टिनाखाली उभा असतो. टिकारामचा मात्र कडुनिंबाखाली, उघड्यावर, बोनेटवर पोतं पांघरून. टिनाच्या गॅरेजात राहायचं सुनेचं सामान. एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, मिक्सर, दोन मोठे स्पीकर आणि वायरींचं भेंडोळं. सून शालू. तिचा भाऊ गोलू तुमसरला ऑर्केस्ट्रा चालवायचा. तो मोडला, गोलू नागपूरला नोकरीला लागला आणि जाताना सगळा संसार बहिणीच्या दारात उतरवून गेला. घरात ठेवायला जागा होती. पण घरात धानाची पोती, धानामागे उंदीर, आणि उंदराला वायर धानाहून गोड लागते. म्हणून गॅरेज.

पानठेल्यावर त्याची टिंगल व्हायची. "टिकारामचा ट्रॅक्टर गारठून राहिला, अन सुनेचा बाजा रजईत निजून राहिला." बोलणारे कोण, तर ज्यांच्या बायका पहाटेपासून खपतात आणि जे स्वतः दुपारपर्यंत खर्रा चघळत बसतात ते. गावाला बाई राबताना चालते, गाताना चालते, स्टेजवर नाचली तर शिट्ट्या मारायला पुढच्या रांगेत हेच. वाजवायला बसली की मात्र यांच्या पोटात दुखतं.

टिकाराम उलटून बोलत नसे. कारण खरं सांगायचं तर त्यालाही पुरतं पटलेलं नव्हतं. तो जन्माचा डफवाला. खडी गंमतीत, म्हणजे इकडच्या तमाशात, त्याचा डफ वाजला की लांबच्या गल्लीतला म्हातारा काठी टेकत यायचा. त्याच्या लेखी वाद्य म्हणजे लाकूड, कातडं आणि बोटं. लाइट गेली की मुकं होतं ते कसलं वाद्य?

हे मत पुसातल्या, म्हणजे पौषातल्या, एका गारठलेल्या सकाळी गळून पडलं. शेतावर निघताना तो गॅरेजमागून चालला होता. आत शालू नवऱ्याचं, प्रफुल्लचं, ढगळ स्वेटर घालून बसली होती. प्रफुल्ल ट्रकवर, रायपूरकडे. टिनाच्या फटीतून टिकारामला दिसलं ते असं की ती बोटं काखेत दाबून ऊब घेते, काढते, वाजवते, बोटं आखडली की पुन्हा काखेत. एकच ओळ. चुकली तिथून नाही, पहिल्यापासून. टिकाराम तिथेच उभा राहिला. शेत राहिलं. त्यानं आयुष्यात लई वाजवणारे पाहिले होते, दारू पिऊन वाजवणारे, टाळीसाठी वाजवणारे. कोणी ऐकत नसताना, बोटं दुखत असताना, एवढ्या इमानानं वाजवणारं माणूस त्याला आपल्याच गॅरेजात सापडलं होतं.

आणि आता केवळराम येणार होता. नाटक कंपनीचा मालक. झाडीपट्टीत, या धानाच्या मुलखात, दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत गावोगाव नाटकं चालतात, आणि त्याचा कीबोर्डवाला ऐन हंगामात हात मोडून घरी बसला होता. बपेऱ्याला कीबोर्ड वाजवणारा एक पोरगा आहे म्हणून केवळराम निघाला होता. टिकारामनं ओळखीच्या जोरावर त्याला गळ घातली, वाटेत आंधळगाव लागते, माह्या सुनेले ऐकून जा. आवडली तर उरलेला हंगाम तिचा. नाही तर पुढच्या साली कोण विचारतो.

त्या सकाळी टिकाराम कोंबड्याच्या आधी उठला. शालू रोज काय करते ते त्याला माहीत होतं. ती शटर उघडायची, रजई काढायची, टिन तापेपर्यंत थांबायची आणि मगच बटण दाबायची. म्हणजे यंत्राला थंडी बाधते, एवढं त्याला कळलं होतं. आणि थंडी बाधलेल्या वाद्याचं काय करायचं हे टिकारामला कोणी शिकवायची गरज नव्हती. डफ गारठला की शेकतात. जाळाजवळ धरला, कातडं ताणलं, की असा बोलतो की बस. बाप शेकायचा, आजा शेकायचा.

त्यानं गॅरेजात भुशाची शेगडी पेटवली. नुसती आग कायले वाया घालवायची म्हणून तिच्यावर आंघोळीच्या पाण्याचं मोठं पातेलं, गंज, चढवला. रजई काढली. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड शेगडीजवळ सरकवले, आपला डफ अगदी जाळासमोर टेकवला, आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून शटर जवळजवळ पुरतं ओढून घेतलं. मग अंगणात बिडी ओढत बसला, मोठं काम उरकल्यासारखा.

शालू आली तेव्हा गॅरेजात धुकं होतं. गंज खळखळत होता. टिनाच्या आतून थेंब गळत होते, आणि रात्रभर गारठलेल्या कीबोर्डवर सगळी वाफ पाणी होऊन बसली होती. पट्ट्यांच्या फटीत पाणी, बटणांवर पाणी. एखाद्याला दरदरून घाम फुटावा तसा.

आधी तिनं शटर वर ढकललं. मग गंज फडक्यानं धरून बाहेर नेला. टिकाराम मागे उभा.

"मामाजी, हे कोणं केलं?"

"मीच. शेकला जरासा. मोकळा बोलन म्हटलं."

"हा डफ होय का जी? याले कातडं हाये का कुठं? आत पाणी गेलं, अन अशातच करंट दिला तर जळून जाईन ना."

टिकारामच्या तोंडातली बिडी विझली. "मंग आता?"

"आता वाळू द्या लागते. उचला तिकून."

दोघांनी ऑक्टोपॅड पुसून उन्हात टेकवला आणि कीबोर्ड अंगणात आणला. शालूनं खाट उन्हात ओढली, कीबोर्ड उलटा घातला, तळाचे स्क्रू काढून पोट उघडं केलं आणि सुती पातळाच्या चिंधीनं कोपरे टिपायला बसली. वारा कोरडा होता, ऊन कोवळं. ते आपल्या गतीनं काम करणार, कोणाच्या सांगण्यानं नाही. तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली.

केवळराम उतरला. गळ्यात मफलर, कानाला फोन. खाटेवर उताणं पडलेलं यंत्र पाहून त्यानं फोन खिशात टाकला.

"काय टिकारामभाऊ, हे काय ऑपरेशन चालू हाये?"

शालूच बोलली. "माह्या सासऱ्यानं कीबोर्ड शेकला, भाऊ. वाळते आता. बसा."

केवळराम आधी समजला नाही, मग पोट धरून हसला. ड्रायव्हरला हाक मारून सांगितलं, पुन्हा हसला. हे आता साऱ्या झाडीत होणार, प्रत्येक गावच्या मंडपात, टिकारामनं कीबोर्ड शेकला. टिकाराम मान खाली घालून अंगठ्यानं माती उकरत होता.

शालूनं चिंधी खाली ठेवली. "हसा तुमी. हसण्यासारखंच हाये. पण मले एक सांगा, तुमच्या कंपनीत असा एक माणूस हाये का, जो वाजवणाऱ्यासाठी पहाटे उठून जाळ करते?"

केवळरामचं हसू हळूहळू थांबलं. खाकरून तो म्हणाला, "ते ठीक हाये, बाई. पण मले बपेऱ्याले जाचं हाये. लावून पाह्य ना, झालं तर झालं."

"नाई लावत."

"मंग मी ऐकू काय? हवा?"

"तुमचं नाटक सांगा. कुठं काय लागते ते सांगते मी."

केवळराम उभ्या उभ्याच बोलला, चिडलेला, परीक्षा घेतल्यासारखा. "पोरीचा बाप मेला. प्रेत अंगणात. पोरगी सासरून आली, दारात उभी हाये. काय वाजवशीन?"

"काईच नाई."

"अन पब्लिक?"

"पब्लिकले तिचं तोंड पाहू द्या ना. तुमचा आधीचा माणूस काय करे? प्रेत पाह्यलं का वाजवणं सुरू?"

"हो. रडकी सुरावट. पहिल्यापासून."

"म्हणून तिथं लोक खर्रा घोटत बसतात. तिले आधी रडू द्या. तिचा दम संपला का मंग खालचा एक सूर. एकच. धरून ठेवाचा, ती चालत प्रेताजवळ जाईपर्यंत."

केवळराम खाली बसला. खाटेच्या कडेवर, कीबोर्डला धक्का लागणार नाही असा. "बरं. सावकार येते. दारू पिऊन, हातात काठी."

"त्याले सूर कायले? मामाजी, आना तुमचा डफ."

टिकारामचा डफ त्या सकाळी कधी नव्हे एवढा तापलेला होता. त्यानं बोटं टाकली आणि अंगणातल्या चिमण्या उडाल्या. शालूनं हातानं खूण केली, सावकाश. दोन पावलं, थाप. थांबा. पुन्हा दोन पावलं. केवळराम, जो जन्मभर नाटकात सावकाराची कामं करत आला होता, नकळत उठला आणि अंगणात काठीशिवाय काठी टेकत चालू लागला. कुंपणावर शेजारच्या बायका जमल्या. सासू रत्नाबाई चहा घेऊन आली आणि कप हातात धरून तशीच उभी राहिली. सावकारानं संवाद म्हटला, डफ अडला, सावकार वळला, डफ पुन्हा निघाला. बपेऱ्याचा पोरगा कोणाच्या ध्यानात राहिला नव्हता.

कीबोर्ड वाळला तेव्हा ऊन अंगणाच्या मधोमध आलं होतं. शालूनं आत फुंकर मारली, बोट फिरवून पाहिलं, स्क्रू लावले, वायर जोडली. बटण दाबलं. दिवा लागला. एक पट्टी मुकी निघाली. शालूनं ती दोनदा दाबली, नाक मुरडलं आणि तिला वगळून बोटं दुसरीकडून वळवली.

"म्हना तुमी पोरीचं वाक्य," ती केवळरामला म्हणाली.

केवळराम, मिशीवाला, पोटवाला, पोरगी झाला. दारात उभा राहिला. बाबा म्हणून हाक मारली. शालूची बोटं पट्ट्यांवर होती आणि ती वाजवत नव्हती. केवळरामचा श्वास संपला. तरी ती वाजवेना. आणि मग जमिनीखालून आल्यासारखा तो खालचा सूर आला. कुंपणावरच्या एका बाईनं पदर तोंडाला लावला. टिकारामनं साऱ्या हयातीत थाप कधी मारायची एवढाच विचार केला होता. न वाजवणं एवढं वाजवता येतं, हे त्याला आपल्याच अंगणात, आपल्याच सुनेकडून कळत होतं.

केवळराम दारातून परत खाटेजवळ आला. मग मफलर सारखा करत म्हणाला, "बपेऱ्याले फोन करतो, येत नाई म्हणून. फक्त एक हाये, बाई. तुले आत बसवू. विंगेत, पडद्याआड. समोर वादकांत बाई दिसली का लोक फालतू बोलतात."

शालूनं कीबोर्ड बंद केला. "विंगेतून नटाचं तोंड दिसत नाई. त्याचा दम कवा संपला हे मले कसं समजन?"

"अंदाजानं."

"अंदाजानं वाजवणारा बपेऱ्याले असन."

हंगाम हातातून जाताना टिकारामला दिसत होता. सुनेनं थोडं नमतं घेतलं असतं तर काय बिघडलं असतं, असं क्षणभर वाटलंही. आणि मग त्याला टिनाच्या फटीतून दिसलेली ती काखेत दाबलेली बोटं आठवली.

"केवळरामभाऊ," तो म्हणाला, "चहा घ्या अन निघा. रस्ता लंबा हाये."

केवळरामनं चहा घेतला. थंड झालेला. बशीत ओतून, सावकाश. कुंपणावरच्या बायकांकडे पाहिलं, कीबोर्डकडे पाहिलं, आपल्याच दोन्ही हातांकडे पाहिलं, जे मघाशी पोरीचे झाले होते.

"बस समोर," तो म्हणाला. "पण कोणी काई बोललं तर रडत माह्याकडे येऊ नको."

"मी वाजवत असन, भाऊ. मले ऐकू कुठून येईन?"

टिकारामनं स्पीकर जीपमध्ये चढवायला कंबर वाकवली. शालूनं त्याला हातानं थांबवलं. "राहू द्या मामाजी. ते उचलतात."

आणि कंपनीच्या मालकानं मफलर कमरेला गुंडाळला, स्पीकर पोटाशी धरला आणि कण्हत जीपकडे चालू लागला.